कराची-मुंबई हवाई मार्ग : अंतर, उड्डाणकाल आणि इतिहास (१९२९ ते २०२५)

प्रस्तावना

दोन शहरांमधील हवाई अंतर आणि विमानप्रवासाला लागणारा वेळ ही माहिती आज संगणकाच्या पडद्यावर क्षणार्धात मिळते. दोन नावे लिहिली की किलोमीटर, मैल आणि तास-मिनिटे असे तयार उत्तर समोर येते. हे उत्तर इतके नि:संदिग्ध भासते की, त्यामागे काही इतिहास असू शकेल अशी शंकाही सहसा येत नाही. अंतर हा भूगोलाचा विषय आणि वेळ हा यंत्रशास्त्राचा विषय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इतिहासाचा अभ्यासक या आकड्यांकडे फारसा वळत नाही.

प्रस्तुत लेखात ही समजूत एका विशिष्ट मार्गाच्या आधारे तपासून पाहिली आहे. तो मार्ग म्हणजे कराची-मुंबई. भारतीय कंपनीच्या नियमित हवाई टपालसेवेचा प्रारंभ याच मार्गावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. त्या वेळी ही दोन्ही शहरे एकाच इलाख्यात होती. पुढे ती दोन प्रांतांत आणि नंतर दोन राष्ट्रांत विभागली गेली. या काळात विमानाचा वेग पाचपटीहून अधिक वाढला, शहरांमधील भौगोलिक अंतर तसूभरही बदलले नाही. आणि तरीही आज या दोन शहरांमधील प्रवास १९३२ मधील प्रवासाइतकाही सरळ राहिलेला नाही. ही विसंगती कशी निर्माण झाली, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) हवाई अंतर व उड्डाणकाल या संकल्पनांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) कराची-मुंबई हवाई मार्गाच्या उदयाची कारणमीमांसा करणे.
३) फाळणीनंतर या मार्गात झालेल्या बदलांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
४) उड्डाणकाल हा तांत्रिक प्रगतीबरोबरच राजकीय संबंधांवरही कसा अवलंबून असतो, हे दाखविणे.

लेखाची मांडणी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने केली आहे. अंतराचे आकडे विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेले असून ते ठोकळमानाने दिले आहेत.

हवाई अंतर व उड्डाणकाल : संकल्पना

पृथ्वी जवळपास गोलाकार असल्याने तिच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग हा सरळ रेषा नसून एका मोठ्या वर्तुळाचा कंस असतो. या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या केंद्राशी असतो. यालाच बृहद्‌वृत्तीय अंतर म्हणतात. या पद्धतीने मोजल्यास कराची व मुंबई या विमानतळांमधील अंतर सुमारे ८७५ कि.मी., म्हणजे साधारण ५४५ मैल भरते.

उड्डाणकालाची ठोकळ गणना करण्याची पद्धत अशी की, हे अंतर जेट विमानाच्या सरासरी वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ८०० कि.मी. या वेगाने भागायचे आणि उड्डाण, चढ, उतरण व अवतरण यांसाठी अर्धा तास त्यात मिळवायचा. या हिशेबाने कराची-मुंबई प्रवासाला एक तास पस्तीस मिनिटे लागावीत.

या गणनेत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पहिली, विमान सर्वांत जवळच्या मार्गाने जाऊ शकते. आणि दुसरी, असे विमान मुळात आहे. ही दोन्ही गृहीतके भूगोलातून येत नाहीत. १९१९ च्या पॅरिस करारात आणि पुढे १९४४ च्या शिकागो करारात, प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य सार्वभौमत्व आहे, हे तत्त्व मान्य करण्यात आले. खुल्या समुद्रावर जहाजाला जे स्वातंत्र्य असते, ते परक्या भूमीवरून जाणाऱ्या विमानाला नसते. त्याला परवानगी लागते. म्हणून उड्डाणकालाच्या प्रत्येक आकड्यामागे एक अलिखित अट असते : परवानगी असेल तर.

हवाई सेवेपूर्वीचे कराची-मुंबई संबंध

चार्ल्स नेपियर याने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यानंतर १८४७ मध्ये तो प्रांत मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. तेव्हापासून १ एप्रिल १९३६ रोजी स्वतंत्र सिंध प्रांत अस्तित्वात येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, कराचीचा कारभार मुंबईतून चालत असे. प्रशासनाबरोबर माणसेही गेली. महसूल, शिक्षण, न्याय, टपाल व रेल्वे या खात्यांतून अनेक मराठी कुटुंबे कराचीत स्थिरावली. सिंधमधील शिक्षणप्रसारात महत्त्वाची कामगिरी बजावणारे नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव कराचीतील १८५५ मध्ये स्थापन झालेल्या शाळेला पुढे देण्यात आले व ते आजही कायम आहे. १८८७ मध्ये स्थापन झालेले कराचीचे दयाराम जेठमल सिंध महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. म्हणजे कराचीतील विद्यार्थ्याच्या पदवीवर शिक्का मुंबईचा असे.

मात्र ही दोन शहरे प्रशासनाने जितकी जवळ होती, तितकी प्रवासाने नव्हती. कच्छचे रण, कच्छचे आखात आणि काठेवाडचे द्वीपकल्प यांमुळे किनाऱ्यालगत सरळ लोहमार्ग झाला नाही. रेल्वेने जायचे तर सिंधमधील हैदराबादहून मारवाडमार्गे अहमदाबाद आणि तेथून मुंबई, असा मोठा वळसा पडे. त्यामुळे आगबोट हेच सोयीचे साधन ठरले. सुमारे पाचशे सागरी मैलांचे हे अंतर ताशी बारा सागरी मैल वेगाच्या बोटीने कापण्यास चाळीस तासांहून अधिक वेळ लागे. एकाच इलाख्याची राजधानी आणि तिचे दुसरे मोठे बंदर यांच्यामध्ये असे दोन दिवसांचे अंतर होते.

कराची : हिंदुस्थानचे हवाई प्रवेशद्वार

सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यापासून युरोपातून येणाऱ्यांसाठी हिंदुस्थानचे प्रवेशद्वार म्हणजे मुंबई, हे समीकरण दृढ झाले होते. विमानाने ते बदलले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील विमानांचा पल्ला कमी असल्याने त्यांना टप्प्याटप्प्याने, शक्यतो भूमीच्या जवळून यावे लागे. इराक व इराणचे आखात यांमार्गे येणाऱ्या विमानाला हिंदुस्थानातील पहिले मोठे ठिकाण लागे ते कराची. शिवाय कराचीत पाऊस अत्यल्प असल्याने तेथील मैदान वर्षभर वापरण्याजोगे राही.

३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन-कराची सेवा सुरू केली. हा प्रवास सुमारे आठवडाभराचा होता आणि तोही सलग विमानाचा नव्हता. युरोपातील एका टप्प्यावर प्रवाशांना व टपालाला रेल्वेने जावे लागे, कारण युरोपीय राष्ट्रांच्या आकाशातून जाण्याच्या परवानग्यांचा प्रश्न सुटलेला नव्हता. हवाई प्रवासाचा काळ राजकारणाने लांबविण्याचे उदाहरण या सेवेच्या पहिल्याच वर्षी आढळते, ही बाब लक्षणीय आहे.

याच सुमारास ब्रिटिश सरकारने मोठ्या वायुनौकांच्या साहाय्याने साम्राज्यातील शहरे जोडण्याची योजना आखली होती आणि त्यासाठी कराचीत एक प्रचंड वायुनौकागृह उभारले होते. परंतु हिंदुस्थानकडे निघालेली आर-१०१ ही वायुनौका ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हे शहराजवळ कोसळली आणि ती योजनाच सोडून देण्यात आली. कराचीतील त्या अवाढव्य इमारतीत एकही वायुनौका कधी आली नाही. विमान हेच भविष्यातील साधन, हे त्यानंतर निश्चित झाले.

डिसेंबर १९२९ मध्ये ही सेवा कराचीहून दिल्लीपर्यंत वाढविण्यात आली. सरकारच्या दृष्टीने राजधानी महत्त्वाची होती. परंतु व्यापाराचे केंद्र असलेली मुंबई आणि दक्षिणेतील मद्रास ही शहरे या हवाई साखळीच्या बाहेरच राहिली. लंडनचे पत्र आठवडाभरात कराचीत येई. तेथून मुंबईला पोहोचण्यास मात्र त्याला पुन्हा रेल्वेचा अथवा बोटीचा आधार घ्यावा लागे. हवेतून मिळविलेला वेळ जमिनीवर व समुद्रावर खर्ची पडत होता. भारतीय हवाई टपालसेवेचा जन्म या उणिवेतून झाला.

१९३२ ची हवाई टपालसेवा

नेव्हिल व्हिन्सेंट या माजी ब्रिटिश वायुदल अधिकाऱ्याने कराचीहून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेण्याची योजना मांडली. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांनी ती उचलून धरली. जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळविला होता व तो हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला परवाना होता. टाटा उद्योगसमूहाचे तत्कालीन अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांची संमती जॉन पीटरसन यांच्या मध्यस्थीने मिळाली आणि सुमारे दोन लाख रुपयांच्या भांडवलावर हा उपक्रम उभा राहिला. सरकारने कोणतेही अनुदान दिले नाही. नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला देण्याचे तेवढे मान्य केले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीच्या एकइंजिनी विमानातून उड्डाण केले. सोबत सुमारे पंचवीस किलो टपाल होते. अहमदाबादला इंधन घेऊन दुपारी दोनच्या आधी ते मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. पुढील टप्पा व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत पूर्ण केला.

या उड्डाणाचे अंतर व वेळ यांचा हिशेब उद्बोधक आहे. कराची-अहमदाबाद हे अंतर सुमारे ५९० कि.मी. आणि अहमदाबाद-मुंबई सुमारे ४४० कि.मी. असे मिळून एकूण अंतर १,०३० कि.मी.च्या आसपास होते. म्हणजे सरळ मार्गापेक्षा ते दीडशे कि.मी.हून अधिक होते. सरळ रेषा सिंधू नदीच्या मुखाजवळील समुद्र, कच्छचे आखात, काठेवाड आणि पुन्हा समुद्र अशी जाते. एकइंजिनी विमानाने, दिशादर्शनाची आधुनिक साधने नसताना, असा मार्ग पत्करणे धोक्याचे होते. त्याउलट अहमदाबाद हे गिरण्यांचे शहर होते. तेथे टपालही मिळत होते आणि इंधनाची सोयही होती. पेट्रोलचे डबे विमानापर्यंत बैलगाडीतून आणले जात. ताशी सुमारे १६० कि.मी. या वेगाने हे अंतर कापण्यास साडेसहा तास लागतात. त्यात अहमदाबादचा थांबा मिळविला की प्रत्यक्ष लागलेल्या सव्वासात तासांचा मेळ बसतो.

चाळीस तासांचा प्रवास सात तासांवर आला, हा या घटनेचा खरा अर्थ आहे. त्यापूर्वी कराचीला आलेले पत्र मुंबईला तिसऱ्या दिवशी मिळत असेल, तर आता ते त्याच दिवशी दुपारी येऊ लागले. मुंबईच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने लंडन जवळ आले ते कराचीहून सुटणाऱ्या या छोट्या विमानामुळे. पहिल्या वर्षात या सेवेने सुमारे १,६०,००० मैल उड्डाण केले, १५५ प्रवासी व जवळजवळ दहा टन टपाल वाहून नेले आणि ६०,००० रुपये नफा मिळविला.

या सेवेवर निसर्गाचीही मर्यादा होती. जुहूचे मैदान समुद्रसपाटीलगत असल्याने पावसाळ्यात ते चिखलाने निरुपयोगी होई. त्यामुळे पावसाळ्यातील महिन्यांत विमाने पुण्याला येरवड्याच्या मैदानावर उतरत. म्हणजे या काळात कराची-मुंबई हा हवाई मार्ग वर्षातील काही महिने प्रत्यक्षात कराची-पुणे असाच असे आणि टपालाचा शेवटचा टप्पा घाट उतरून पुरा केला जाई. १९३८ मध्ये ब्रिटिश साम्राज्याची हवाई टपाल योजना हिंदुस्थानपर्यंत आली, तेव्हा कराचीहून मुंबई व मद्रासमार्गे कोलंबोपर्यंत टपाल नेण्याचे काम टाटांच्या विमानसेवेकडे आले. २९ जुलै १९४६ रोजी या सेवेचे रूपांतर 'एअर-इंडिया' या सार्वजनिक मर्यादित कंपनीत झाले.

फाळणी आणि मार्गाचे बदललेले स्वरूप

१४-१५ ऑगस्ट १९४७ नंतर कराची ही पाकिस्तानची राजधानी झाली. अंतर्गत मार्ग एका रात्रीत आंतरराष्ट्रीय झाला. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेल्या दंगलीनंतर तेथील हिंदू सिंधी समाजाचे मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू झाले. या निर्वासितांचा मोठा ओघ बोटींनी मुंबई बंदरात उतरला. कल्याणजवळील लष्करी छावणीत त्यांची सोय करण्यात आली आणि त्या वसाहतीतून १९४९ मध्ये उल्हासनगर उभे राहिले. विमानाने काही तासांत पार करता येणारे अंतर या बहुसंख्य कुटुंबांनी जुन्याच सागरी मार्गाने पार केले. हवाई प्रवासाचा उड्डाणकाल हा समाजातील सर्वांचा प्रवासकाल नसतो, हेही यातून स्पष्ट होते.

दुसरा बदल कमी नाट्यमय असला तरी दूरगामी होता. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. या मार्गात कराची नव्हते. लांब पल्ल्याच्या विमानांमुळे मुंबईला पश्चिमेकडे जाण्यासाठी कराचीच्या दाराची गरज उरली नाही. ज्या उणिवेतून १९३२ ची सेवा जन्मली, ती उणीवच तंत्रज्ञानाने भरून काढली होती. परिणामी कराची-मुंबई मार्गाचे साम्राज्याच्या साखळीतील दुवा हे महत्त्व ओसरले आणि दोन शेजारी शहरांना जोडणारा मार्ग एवढेच त्याचे स्वरूप राहिले. असा मार्ग टिकणे हे दोन शेजाऱ्यांच्या संबंधांवर अवलंबून असते.

१९४८ मध्ये भारत व पाकिस्तान यांच्यात हवाई सेवांविषयी करार झाला. १९५३ मध्ये भारतातील विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर शेजारी देशांकडील उड्डाणे इंडियन एअरलाइन्सकडे आली. पाकिस्तानात १९५५ मध्ये पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सची स्थापना झाली. या काळात प्रवासकाल झपाट्याने घटत गेला. ताशी पावणेतीनशे कि.मी.च्या आसपास जाणाऱ्या डकोटा विमानाला सरळ मार्गाने तीन ते साडेतीन तास लागत; व्हायकाउंटसारख्या विमानाने तो वेळ दोन तासांच्या आसपास आला आणि जेट विमानाने दीड तासावर.

घड्याळानेही या हिशेबात भर घातली. ३० सप्टेंबर १९५१ पासून पाकिस्तानने आपल्या पश्चिम भागातील प्रमाणवेळ भारतापेक्षा अर्ध्या तासाने मागे ठेवली. त्यामुळे पुढे जेट विमानांच्या वेळापत्रकावर मुंबई-कराची प्रवास जणू एका तासाचा आणि कराची-मुंबई प्रवास जणू दोन तासांचा दिसू लागला. प्रत्यक्षात दोन्हीकडे लागणारा वेळ सारखाच होता. फरक होता तो फक्त सीमेचा.

बंद होणारे आकाश

१९६५ च्या युद्धात दोन्ही देशांमधील हवाई वाहतूक थांबली. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद घोषणेनंतर एकमेकांच्या आकाशातून जाण्याची मुभा पुन्हा मिळाली. परंतु ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला जाणारे 'गंगा' हे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले व तेथे ते जाळण्यात आले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली. पाकिस्तानच्या दोन भागांमध्ये भारत पसरलेला होता. त्यामुळे कराचीहून ढाक्याला जाणाऱ्या विमानांना श्रीलंकेला वळसा घालून, कोलंबोमार्गे जावे लागले. सुमारे २,४०० कि.मी.चे अंतर जवळपास दुप्पट झाले.

हे प्रकरण आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासातही नोंदले गेले आहे. पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेकडे तक्रार केली. परिषदेला हा वाद ऐकण्याचा अधिकार नाही, असे म्हणत भारताने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात अपील केले. १८ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायालयाने परिषदेच्या अधिकाराच्या बाजूने निर्णय दिला. तोपर्यंत बांगलादेश स्वतंत्र झाला होता आणि ज्या कराची-ढाका मार्गावरून वाद उद्भवला, त्याचा मूळ हेतूच उरला नव्हता. इतिहासाची गती न्यायालयीन गतीपेक्षा अधिक ठरली.

मे १९७६ मध्ये उभय देशांत झालेल्या करारानुसार त्याच वर्षीच्या जुलैमध्ये हवाई व रेल्वे संपर्क पुन्हा सुरू झाला आणि कराची-मुंबई मार्गही जिवंत झाला. त्रयस्थ देशांच्या कंपन्यांचाही या मार्गाशी संबंध होता. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत ओलीस ठेवण्यात आलेले पॅन ॲम कंपनीचे विमान मुंबईहूनच तेथे पोहोचले होते. प्रवाशांचे प्राण वाचविताना मृत्यू पावलेल्या नीरजा भनोत यांची स्मृती या मार्गाच्या इतिहासाशी कायमची जोडली गेली आहे.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर झालेल्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. ते १ जानेवारी २००४ रोजी, म्हणजे दोन वर्षांनी खुले झाले. त्यानंतर सुरू झालेली कराची-मुंबई सेवा मात्र पूर्वीइतकी स्थिरावली नाही. २०१७ मध्ये पाकिस्तानी कंपनीने आपली कराची-मुंबई उड्डाणे थांबविली आणि ही दोन शहरे थेट विमानाने जोडणारा धागा तुटला. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश मोठ्या प्रमाणावर बंद होते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे झालेल्या हल्ल्यानंतर २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. पुढे या मनाईची मुदत महिन्या-महिन्याने वाढविण्यात आली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक भारतीय विमानांचा प्रवास त्यामुळे लांबला.

स्मरण-उड्डाणांची साक्ष

या मार्गाच्या बदलत्या स्थितीचे सर्वांत बोलके पुरावे म्हणजे १९३२ च्या उड्डाणाची केलेली पुनरावृत्ती. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, सुवर्णमहोत्सवानिमित्त, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डी. टाटा यांनी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून कराचीहून मुंबईपर्यंत पुन्हा उड्डाण केले. दोन युद्धे होऊन गेल्यानंतरही ते उड्डाण कराचीहूनच होऊ शकले. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या वैमानिक आरोही पंडित यांनी त्या उड्डाणाचे पुन्हा स्मरण घडविले. त्या अहमदाबादला उतरल्या, जुहूला पोहोचल्या. पण त्यांचे उड्डाण भुजहून सुरू झाले. मार्गाचा शेवट तोच होता, आरंभ मात्र सीमेच्या अलीकडे आला होता. १९३२ च्या मार्गातील कराची-भुज हा तुकडा गळून पडला, ही गोष्ट या शतकातील परिस्थितीविषयी बरेच काही सांगून जाते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) दोन शहरांमधील हवाई अंतर हे स्थिर असले, तरी प्रत्यक्ष उड्डाणमार्ग हा विमानाचा पल्ला, हवामान, व्यापार आणि राजकीय परवानगी यांनी ठरतो. १९३२ मध्ये हा मार्ग अहमदाबादला वळला तो तांत्रिक व व्यापारी कारणांनी; १९७१ मध्ये कराची-ढाका मार्ग कोलंबोला वळला तो राजकीय कारणांनी.

२) तांत्रिक प्रगतीने उड्डाणकाल सव्वासात तासांवरून दीड तासावर आणला. परंतु थेट सेवेच्या अभावी मुंबईच्या प्रवाशाला दुबईसारख्या तिसऱ्या ठिकाणाहून कराचीला जावे लागते. मुंबई-दुबई सुमारे १,९३० कि.मी. आणि दुबई-कराची सुमारे १,१९० कि.मी. असे हे अंतर ३,१०० कि.मी.हून अधिक, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीन पट होते. दोन उड्डाणांचे पाच तास आणि मधला थांबा धरला, तर हा प्रवास पस मॉथच्या सात तासांपेक्षा कमी वेळात होणे कठीण आहे. ९० वर्षांची यांत्रिक प्रगती एका परवानगीच्या अभावी निष्फळ ठरते.

३) लांब पल्ल्याच्या विमानांनी मुंबईचे कराचीवरील अवलंबित्व संपविले. त्यामुळे हा मार्ग खंडित झाल्याची आर्थिक झळ दोन्ही शहरांना फारशी जाणवली नाही आणि तो पुन:पुन्हा बंद करणे सोपे झाले. गरज संपली की संपर्कही क्षीण होतो, हे या मार्गाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे सूत्र आहे.

४) तयार कोष्टकांतील उड्डाणकाल हा शक्यतेचा आकडा असतो, वास्तवाचा नव्हे. ज्या मार्गावर एकही प्रवासी विमान जात नाही, त्या मार्गाचाही एक तास पस्तीस मिनिटे हा वेळ ही कोष्टके तितक्याच निश्चयाने दाखवितात.

समारोप

भारतीय विमानवाहतुकीचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या स्थापनेचा, विमानांच्या जातींचा आणि कर्तबगार व्यक्तींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. एखाद्या मार्गाचा इतिहास म्हणून तो लिहिला, तर त्यात प्रशासन, व्यापार, स्थलांतर, आंतरराष्ट्रीय कायदा आणि शेजारसंबंध हे सारे एकत्र दिसू लागते. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र व वाणिज्य या विषयांच्या प्राध्यापकांना एकत्र येऊन अभ्यासता येईल असे हे क्षेत्र आहे. टपालाचे जुने लिफाफे, त्यांवरील शिक्क्यांच्या तारखा, विमानकंपन्यांची वेळापत्रके ही साधने अनेक संग्राहकांकडे आजही उपलब्ध आहेत. उल्हासनगर, मुंबई व पुणे येथे स्थायिक झालेल्या सिंधी कुटुंबांच्या आणि कराचीत नोकरीनिमित्त राहून परतलेल्या मराठी कुटुंबांच्या आठवणी मात्र फार काळ उपलब्ध राहणार नाहीत. प्रत्यक्ष तो प्रवास केलेली पिढी आता अस्तास जात आहे. महाविद्यालयीन स्तरावरील प्रकल्पांतून या आठवणींचे संकलन तातडीने हाती घेणे आवश्यक आहे.

कराची आणि मुंबई यांच्यामधील ८७५ कि.मी. उद्याही तेवढेच राहतील. ते अंतर किती तासांचे असेल, हे मात्र विमान ठरविणार नाही.